फडक्यातलं पाणी

समडोळी, ता. मिरज
दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. भरतेश यास आजोबांचे आशीर्वाद. जय जिनेंद्र.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, राग मानू नकोस. चष्म्याची काडी मोडली होती. ती दुरुस्त होऊनही आठ दिवस झाले म्हणा. तू फोन उचलत नाहीस, मग माणसानं करायचं काय?

आजीचे गुडघे तसेच आहेत. हरभरा काढला. फलटणला जेवणाचे हाल होत असतील.

तुझी बहीण ब्राह्मी सांगत होती, तू टायरच्या दुकानात लागलास आणि लॅपटॉप, अवजारं येत्या रविवारी विकणार. अरे, डोकं ठिकाणावर आहे का? साताऱ्याच्या त्या राजवर्धननं चार माणसांत बोल लावला म्हणून आठ वर्षांत शिकलेलं इंजिन जुळवायचं काम सोडायचं?

तुझंही मला कळत नाही. त्याची रेसची गाडी पेट्रोलवर बरी पळत होती. तिला उसाचं इथेनॉल पाजायचं कुणी सांगितलं होतं? "आजोबा, हे तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लागतं, पण ताकद बघा!" म्हणून इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर बसवलेस, महिनाभर लॅपटॉपवर आकडे जुळवलेस. आणि तो कॅन आणलास आपल्या घरात! आजी म्हणाली, "आवं, दारूच्या जातीचं हाय ते, सैपाकघराकडं आणू नगा." म्हणून मी तो विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला. तिथंच घोळ झाला.

कसला घोळ, ते लिहायलाच बसलोय.

चाचणीच्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेलास. मी झाकण उघडलं तर आत काळे कण. एवढ्या नाजूक इंजिनात बिनगाळलेलं कसं घालायचं? पाणी गाळायचं दुहेरी फडकं घेऊन निम्मं दुसऱ्या कॅनमध्ये गाळलं. पुढचं हातानंच केलं. साठ वर्षांची सवय. फडकं उलटं धरलं आणि वरून दोन तांबे गाळलेलं पाणी ओतलं, फडक्यात अडकलेले जीव जिथले तिथं परत जावेत म्हणून. विहिरीत सोडतो तसं, पहिल्या कॅनमध्ये. इंधनात कुठले आलेत जीव! तू येशील म्हणून घाबरून दोन्ही एकत्र केलं आणि झाकण लावलं.

पेट्रोल असतं तर पाणी तळाला दिसलं असतं. इथेनॉल मात्र पाणी पोटात घेऊन गप्प बसतं, असं तूच मला शिकवलं होतंस.

मैदानावर गाडी आचके देऊन बंद पडली. तू घामाघूम होऊन आकडे फिरवत होतास. राजवर्धन म्हणाला, "जमत न्हाई तर सांगायचं व्हतंस की गड्या!" आणि मी, सख्खा आजोबा, वर म्हणालो, "ह्या पोराचं लक्षच नसतंय." तू माझ्याकडं बघितलंस.

तुझे आकडे चुकले नव्हते, बाळा.

उद्या सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जातोय. ज्या माणसांसमोर तुला बोललो, त्यांच्यासमोरच राजवर्धनला सांगणार. उरलेलं इंधन सील करून ठेवलंय, तपासून घे. मला काय बोलायचं ते घरी येऊन बोल, पण अवजारं विकू नकोस. पत्र स्पीड पोस्टानं धाडतोय. रविवारच्या आत ब्राह्मीच्या फोनवर एक शब्द तरी कळव. शिवी असली तरी चालेल.

तुझं नाव घालवून तीन आठवडे गप्प बसलेला
आजोबा, पायगोंडा