तेवीस अंबाडे

१ एप्रिल २००७, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, म्हणून बाबांचे केस कापले. न्हाव्याकडे जायला त्यांना नको. तिथे फार राजकारण बोलतात म्हणे. त्यामुळे आमच्या लेडीज पार्लरात महिन्यातून एकदा एक पुरुष बसतो — वय चौऱ्याहत्तर, तहसिलीतून रिटायर. उजव्या कानामागे अजून थोडे काळे केस आहेत. त्यांचं त्यांना भारी कौतुक. दर वेळी आरसा मागे धरून दाखवावे लागतात.

दुपारी मंदार आला. बोरी अरबला शाळेत मास्तर, आणि तिथल्या सामूहिक विवाह समितीचा सचिव. एकोणतीसला एका मांडवात तेवीस लग्नं. मेच्या मध्याला धोंड्याचा महिना लागतो, त्याच्या आत उरकायची. कापसानं हात दाखवल्यापासून तालुक्यात असंच उरकतात. नवरीचा पूर्ण मेकअप आमच्या दारव्ह्यातसुद्धा कोणी सांगत नाही आता.

साड्या एकसारख्या, मंगळसूत्रं एकसारखी. आता केसही एकसारखे हवेत. मांडवात कोणी गरीब दिसू नये, कोणी श्रीमंतही दिसू नये. कोणते केस, ते मी ठरवायचं. हो म्हटलं.

४ एप्रिल

तेवीसपैकी सोळा नवऱ्या येऊन गेल्या. प्रत्येकीच्या पर्समध्ये पेपरातून कापलेला फोटो. सोळाही फोटो एकाच नटीचे! मोकळे, कुरळे केस, एका खांद्यावर ओढलेले.

एप्रिलचा शेवट, बेचाळीस अंश, लाईन दिवसाचे बारा तास नसते, मांडवात पंखा फिरेल न फिरेल — आणि मोकळे केस! एकही हार घालून होणार नाही, तोवर सगळ्या झिपऱ्या दिसतील. तसं म्हटलं नाही. कुरळे करायचं मशीन लाईनशिवाय चालत नाही, एवढंच सांगितलं. ते लगेच पटलं. लाईनवर या जिल्ह्यात सगळ्यांचं एकमत आहे.

ठरलं — तीन पेडी लांब वेणी, वर मोगऱ्याचा गजरा. आपलीच वेणी, आपलेच केस.

९ एप्रिल

उरलेल्या सात जणींपैकी एक आज आली. सुरभी. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. सोबत आई. आईनं आधी दार लावलं, मग ओढणी सोडली.

चार बोटं केस. जानेवारीत टायफॉईड झाला. केस मुठीमुठीनं गेले, तेव्हा उरलेले कापूनच टाकले. फेब्रुवारीत मुलाकडचे पाहायला आले, तेव्हा गंगावन लावून वर पदर घेतला होता. जमलं. मुलगा कपिल, गावातलाच, बाप नाही. जे काही आहे ते त्याच्या आईच्या हाती, तानाबाईच्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई," आई म्हणाली. "लगन लागेलोक झाकून द्या. मंग पाहू."

मी सांगितलं, चार बोटांवर वेणी टिकणार नाही. खोटी वेणी धरायलाही खरे केस लागतात. आई रडली. मुलगी रडली नाही, आरशातून माझ्याकडे पाहत होती. मला फारसं काही वाटलं नाही. या खुर्चीत रोज कोणी ना कोणी रडतं.

१० एप्रिल

अंबाडा चालेल. अंबाड्याला धरायला कमी लागतं.

१२ एप्रिल

मंदारला बोलावून बेत बदलला. वेणी रद्द. तेवीसही जणींना गंगावन, त्याचा अंबाडा, वर जाळी, जाळीवर गजरा. कशाला, म्हणाला. मी म्हटलं, वेणीत जाड-बारीक दिसतं, समता राहत नाही. समता म्हटलं की मंदार विरघळतो! संध्याकाळी अमरावतीला जाणाऱ्या माणसाकडे गंगावनांची यादी देऊनही टाकली त्यानं.

एका नवरीची आत्या मात्र भांडायला आली. "आमच्या पोरीचे केस मांडीलोक हायेत. तिले कायले पायजे गंगावन?" खरंच सुंदर केस होते. समितीचा नियम आहे, म्हणून सांगितलं. समितीला दोन शिव्या घालून गेली.

तेवीस डोक्यांवर खोटं ठेवलं की त्यातलं एक खोटं दिसत नाही. हे फक्त इथे लिहिते आहे.

१७ एप्रिल

सुरभीची तालीम. टाळूला चिकटून बारीक बारीक पेड घातले आणि अंबाडा सुई-दोऱ्यानं त्या पेडांवर शिवला. काळा दोरा, गोधडीला घालतो तसे टाके. पिनांवर विसंबणं नको.

मग तिला वाकायला लावलं. नवरीला बसायला कमी आणि वाकायला जास्त लागतं. सासू, आत्या, मामा, समितीचे अध्यक्ष. वीस वेळा वाकली. अकराव्या वेळी सरकला. उसवला, पुन्हा शिवला. मग टिकला.

उठताना तिनं विचारलं, "ताई, तुमी काहून नाई केलं लगन?"

मी म्हटलं, मान हलवू नकोस.

१८ एप्रिल

विचारलं म्हणून लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

शहाऐंशी साल. चैत्रात आई गेली होती. धाकटा भाऊ सलील नववीत. बाबा तहसिलीत, मी घरात — डबे, धुणं, सलीलचा अभ्यास. दिवाळीनंतर ढाणकीचे लोक पाहायला आले. मुलगा बँकेत. माझे केस जन्मापासूनच उंदराच्या शेपटीएवढे, म्हणून शेजारच्या काकूंनी गंगावन घालून वेणी घातली. पोहे झाले, नाव-गाव झालं. मग त्याच्या मावशीनं सांगितलं, वेणी सोड बरं बाई. मी सोडेना, तर तिनंच ओढली. गंगावन तिच्या हातात आलं! मेलेली पाल धरावी तसं धरून उभी राहिली. दोघी-तिघी हसल्या. मुलगा हसला नाही. तो मावशीवर चिडलेला दिसला, किंवा मला तसं वाटलं.

आठ दिवसांनी बाबा म्हणाले, ढाणकीचं कार्ड आलं, योग नाही. कार्ड मी पाहिलं नाही. काय पाहायचं त्यात!

त्यानंतर कोणासमोर बसले नाही. बाबांनीही विषय काढला नाही. पुढच्या वर्षी यवतमाळला पार्लरचा कोर्स केला. केसांनी माझं मोडलं, म्हणून लोकांच्या केसांवर जगते. तक्रार नाही. हिशेब बरोबर आहे.

२२ एप्रिल

सलीलचा पुण्याहून फोन. बाबांशी अर्धा तास क्रिकेट. माझ्याशी ऊन किती आहे तेवढं.

२९ एप्रिल, रविवार

पहाटे पाचला बोरी अरब. शाळेच्या दोन खोल्या, माझ्या पार्लरच्या क्लासला येणाऱ्या सहा जणी आणि मी. सुरभीचा अंबाडा मी एकटीनं, कोपऱ्यात, पहिल्यांदा उरकला. बाकीच्या बावीस जणी नऊपर्यंत. लाईन साडेसहाला गेली, ती गेलीच.

तेवीस जणी रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा मागून एकही ओळखू येईना. एका नवरीचा मामा भाची समजून दुसऱ्याच नवरीला पाटावर घेऊन निघाला होता! मंदार कागद घेऊन नावं ओरडत धावला. समता जरा जास्तच झाली.

अक्षता पडल्या. पाया पडणं सुरू झालं. मी पिनांचा डबा घेऊन सुरभीच्या मागे उभी. मोजत होते — बारा, तेरा, चौदा. टाके धरून होते. मग तानाबाईपुढे वाकली. त्या बाईनं आशीर्वादाचा हात डोक्यावर न ठेवता थेट अंबाड्यावर ठेवला, आणि दाबला. मी पिना हातात घेऊन पुढे सरकले. इतक्या वर्षांत कुठल्याही नवरीसाठी अशी घाबरले नव्हते.

तानाबाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग गजरा नीट केला आणि पुढच्या पाहुण्याला हाक मारली.

३ मे

अकरा वाजता तानाबाई दारात. नेहमीसारखे बाबा ओसरीवर पेपर घेऊन. मला वाटलं, आता आलं गळ्याशी. सुरभीचं काय केलं असेल या बाईनं?

पिशवीतून गंगावन काढलं. धुतलेलं, विंचरलेलं, तेल लावून नीट वेणी घातलेलं.

"हे तुमचं. दुसऱ्या पोरीले कामी येईन."

मी ते हातात घेतलं. ती म्हणाली, पोरीनं पाहायच्या दिवशीच सांगितलं होतं. मागच्या अंगणात हात धुवायला नेलं, तेव्हा स्वतःच पदर काढून दाखवला. "माह्या पोराले थेच आवडलं तिचं. केसाइशी थोडीच लगन लावाचं होतं? पण तिच्या मायले नोका सांगू बाप्पा. तिले वाटते कोनालेच मालूम नाई. आता कायले तिचं मन मोडता?"

म्हणजे माझी तेवीस गंगावनं, गोधडीचे टाके, मंदारची समता — सगळं एका आईचं मन राहावं म्हणून. मला हसू आलं. तानाबाईही हसली. चहा घेऊन गेली.

बाबांनी तेवढ्या वेळात पेपरचं पान उलटलं नव्हतं. जेवताना भाकरीही अर्धीच टाकली. ऊन लागलं असेल.

५ मे

बाबांनी आज पेपरही उघडला नाही. दोनदा जुनी पेटी उघडून बसले. काय शोधता विचारलं, तर म्हणाले, काही नाही.

६ मे, रविवार

पहिला रविवार. बाबा खुर्चीत, गळ्याला कापड. डावी बाजू कापून झाली तेव्हा आरशात बघत म्हणाले, "रत्ना, ढाणकीच्या कार्डात होकार होता."

मी कात्री खाली ठेवली.

"मुलगी पसंत आहे, मावशीच्या वागण्याची माफी असावी, असं मुलानंच लिहिलं होतं. योग नाही, हे मी उलट कळवलं." मग गळ्याचं कापड चाचपत, "सलील नववीत होता गं."

मला राग आला. एकवीस वर्षं उशिरा आला, पण आला. कापड सोडलं, झटकलं, घडी करून ठेवलं.

बाबा ओसरीवर टोपी घालून बसलेत. उजवी बाजू तशीच आहे.