रांजणावरचा दगड

मंगळवार, संध्याकाळ

आज शेवटी गोंदियाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. शिकवताना छाती धडधडते, श्वास पुरत नाही, सगळं सांगितलं. "अशा वेळी काय करता?" "नळाखाली हात धरतो. बरं वाटतं." ही चिंतेचीच लक्षणं, उपचार आहेत, म्हणाले. घरात आणखी कोणाला? मी "नाही" म्हणालो.

खोटं बोललो का? की बसमध्ये बसेपर्यंत खरंच आठवलं नाही? लग्नाआधी ताई तासन्‌तास रांजणात हात बुडवून बसायची. आम्ही तिला झाडफुकीला नेलं. पिण्याचं पाणी खराब होतं म्हणून आईनं झाकणावर दगड ठेवायला सांगितला. तो मी ठेवला.

घरी येताच तिला सासरी, चिचगडला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "तुले डॉक्टर, अन् मले काऊन मांत्रिक रे?"

डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय, सोबत चल म्हणालो.

"आता कायले? इथं बादली आहे माही. तिच्यावर कोणी दगड ठेवत नाही."

तो दगड मी ठेवला होता, हे तिला तेव्हापासून माहीत आहे.

सोमवारीच चिचगडला जातो. ती येवो न येवो, डॉक्टरांना सांगायचं आहे, घरात आणखी एक आहे. माझ्या आधीची.