हॉर्नबंदीचा ठराव

३ फेब्रुवारी, दुपारी २.४०
आजपासून युद्ध. हरमलच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटर नेमक्या माझ्या गेटजवळच्या वळणावर हॉर्न मारतात. दहा मिनिटांत एकेचाळीस, मोजले. डोळा लागेल कसा? पंचायतीला अर्ज लिहिला. इंग्रजीत. कॉन्व्हेंटचं इंग्रजी दिसलं की माणसं खुर्चीत सरळ बसतात. विषय: ‘मेनेस ऑफ हॉर्न्स’.

५ फेब्रुवारी
क्लार्क तुषार म्हणाला, मॅडम, ठराव मराठीतून लागतो, मोबाईलवर भाषांतर करून घेतो. म्हटलं, घे, पण माझा एक शब्द बदललास तर बघ.

१६ फेब्रुवारी, रविवार
ग्रामसभा. तुषारने वाचलं: ‘शिंगांच्या उपद्रवाचा कायमचा बंदोबस्त.’ हॉर्नला शिंग! उठून दुरुस्ती सांगणार होते, तोच टाळ्या. तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या मिळाल्या नव्हत्या. बसून राहिले. शेजारचा बाबली तर उभा राहून ओरडला, बाय खरां सांगता, माजी सगळी चवळी गेली! हॉर्नने चवळी कशी जाते? असो. भावना पोचल्या. एकमताने मंजूर. सूचक: मी.

२ मार्च
सरपंच दत्ताराम स्वतः आले. माझ्या कुंपणाला लागून पंचायतीची जागा आहे, ती मोजून घेतली. ट्रॅफिक पोलिसांची चौकी, दुसरं काय! एका बाईने ठरवलं की सरकार हलतं.

७ मार्च
पत्र्याचं लांब छप्पर झालं. शेजारी पाण्याचं लांबलचक टाकं. पोलीस बरेच येणार दिसतात.

११ मार्च
नोटीस लागली. मोकाट गुरांचा कोंडवाडा. क्षमता चाळीस. पलीकडच्या सुविधाने फोन करून विचारलं, बाय, तुमचो कोंडवाडो कधी उघडता? फोन आपटला. चूक मोबाईलची. माझ्या इंग्रजीत स्पेलिंगचीसुद्धा चूक नाही.

१३ मार्च
पंचायतीत गेले. तुषार दबक्या आवाजात म्हणाला, मॅडम, अर्ज चुकून झाला असं लिहून द्या, ठराव परत सभेपुढे ठेवू. मी? चुकून? हरकतीचा फॉर्म मागितला.
हरकत घेणाऱ्याचं नाव. लिहिलं.
हरकत कोणाच्या मागणीविरुद्ध? तेच नाव पुन्हा लिहिलं. ठळक अक्षरांत.
दोन्ही पक्षांचे आपसांतले संबंध?
लिहिलं: बोलणं बंद आहे.