एका हाताने जमेल असा बोर्ड

३ मार्च
आला! गेमिंग मदरबोर्ड, कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो. खोका एवढा मोठा की आई म्हणाली, "मिक्सर मागवलास की काय?" आता नीट तपासून लेख द्यायचा. दिसायला काळाभोर, कडेला रंगीत दिव्यांची पट्टी. संपादकांना दिव्यांचं भारी कौतुक. मला नाही. दिव्यांनी गेम पळत नाही.

दादाने दारातूनच पाहिलं. "छान आहे हो," म्हणाला आणि गेला. छान आहे हो! ह्याच दादाने मला कॉम्प्युटर जोडायला शिकवलं, ते दर स्क्रूमागे एक शिवी हासडत. अपघातात उजवा हात लुळा पडला तेव्हापासून एक शिवी नाही. सगळ्यांशी गोड बोलतो, पाहुण्यासारखा. मला ते सहन होत नाही.

५ मार्च
बोर्डाची गंमत सापडली. ग्राफिक्स कार्ड काढायला खाचेत बोट घालून झटापट नको — कडेला बटण आहे, दाबलं की कार्ड सुटतं. माहिती साठवणाऱ्या एसएसडीला स्क्रूच नाही, नुसता खटका. रॅमची खाच एकाच बाजूने उघडते. डोक्यात किडा वळवळायला लागला — हे सगळं एका हाताने जमेल?

६ मार्च
उजवा हात ओढणीने कमरेला बांधून जोडणी केली! आई : "अगं, काय सोंग हे?" रॅम बसली. कार्ड बसलं. वीजपुरवठ्याच्या जाड केबलने मात्र घाम काढला. जोर लावला की बोर्ड मागे सरकतो. शेवटी पोटाने अडवला. पण चालू झाला!!

८ मार्च
एसएसडी भट्टीसारखी तापतेय. तिच्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा पत्रा असतो, तो कुचकामी आहे असं लेखात लिहून मोकळी झाले. तेवढ्यात मागून दादा — "खालचं प्लास्टिक काढलंस का?"

काढलं नव्हतं! त्यामुळे उष्णता पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती. एका हाताने सोलता येईना, म्हणून नंतर बघू म्हटलं आणि साफ विसरले. दादाने पत्रा काढून कोपराखाली दाबला, प्लास्टिकच्या टोकाला चिकटपट्टी लावली आणि सर्रकन ओढलं. तापमान झरझर उतरलं. दोघंही हसत सुटलो.

मग त्याला खुर्चीवरची ओढणी दिसली, गाठीसकट. आईने सोंगाचं सांगितलंच होतं. "माझी कीव नको करूस हं," म्हणाला. तेही गोड आवाजात!

१० मार्च
दादापुढे बोर्ड ठेवला. म्हटलं, कीव नाही, काम आहे. माझी चाचणी खोटी — माझा दुसरा हात नुसता बांधलेला होता. तू कर.

बसला! बोटं अजून तशीच चपळ. केबलपाशी बोर्ड सरकायला लागला, तेव्हा न राहवून मी धरला. "थँक्यू हं," म्हणाला. कॉम्प्युटरचे पंखे फिरले, आईने टाळ्या वाजवल्या, मी तर नाचलेच. दादा हसला, पण पाहुण्यासारखाच. एक गेम खेळूया म्हटलं, तर "बघू."

११ मार्च
लेख अडलाय. मन लागत नाही. कशाला धरला मी तो बोर्ड!

१२ मार्च
सकाळी बघते तर टेबलावर सगळे भाग सुटे! दादाने अख्खा कॉम्प्युटर खोलून ठेवला होता. "परवा तू धरला होतास. आता बाहेर हो," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दाराबाहेर बसून लिहितेय. आतून खटक्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. केबलपाशी आला असणार. उठू नकोस, उठू नकोस, असं स्वतःलाच बजावतेय.

आणि आत्ता — दादाने बोर्डाला अशी सणसणीत शिवी हासडली की आई स्वयंपाकघरातून धावत आली! दोघी दाराबाहेर उभ्या आहोत, तोंडावर हात धरून हसतोय, डोळे पुसतोय. पंखे अजून फिरायचेत. फिरतील!