कालव्यात ओतलेली बादली

तीर्थरूप बाबांना लांबूनच वाकून नमस्कार.

मी धडधाकट आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवते. एवढं आईला सांगा, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल.

इथे तलाव काठोकाठ भरलाय. सुट्ट्यांमुळे बोटींवर नुसती झुंबड. लोकांना जॅकेटं चढवता-उतरवता माझे हात भरून येतात. पाणी उतरलं की बोटी चिखलात टेकतात, म्हणून गर्दी ओसरेपर्यंत आपल्याकडे येणाऱ्या कालव्याचं दार उघडायचं नाही, असं साहेबांनी ठरवलंय. लिंबाची झाडं तग धरून आहेत ना? खरं काय ते कळवा. नुसतं ‘बरं आहे’ नको.

संध्याकाळी बोटींत साचलेलं पाणी मी उपसते. बाकीचे ते परत तलावात ओततात. मी मात्र बादली बांधापलीकडे नेऊन कालव्यात रिकामी करते. दार सांभाळणारे काका रोज हसायचे, “पोरी, वीतभरसुद्धा पुढे जायचं नाही ते!” बिचारे, चावी त्यांच्याकडे, हुकूम साहेबांचा.

गुडघ्याला तेल लावत जा.

काल काका हसले नाहीत. त्यांनी दुसरी बादली उचलली.

तुमची,
दमलेली पण ठणठणीत धाकटी