श्वास कापण्याचं काम

३ तारीख, सोमवार

आज नव्या घरी कामाला लागले. नणंदेनेच लावून दिलं. म्हणाली, वहिनी, रिकाम्या घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा माणसांत जा. खोली छान आहे, खिडकी बागेकडे उघडते. हे असते तर आधी खिडकीची कडी हलवून पाहिली असती. मी पाहिली. घट्ट बसते.

घरात दोघंच. म्हातारी आई आणि तिचा मुलगा. मुलगा यंत्रांवर ठोक्यांची गाणी बनवतो. लोक त्याला ठोक्या म्हणतात आणि तो त्या नावाला खुशाल ओ देतो. वरचा मजला वायरींनी आणि पेट्यांनी भरलेला. दुपारी त्याने एक जुनं गाणं ऐकवलं. पत्र्याच्या पिंपात खिळे भरून कोणी जिन्यावरून लोटून द्यावं, तसं वाटलं. तसं मी बोललेही. तो पोट धरून हसला, म्हणाला, काकू, हजारो लोक यावर नाचलेत. म्हटलं, पळायला जागा नसेल.

५ तारीख, बुधवार

मीही त्यांना आईच म्हणते. त्या बोलत नाहीत. उशाशी छोटा स्पीकर आहे, त्यातून एका बाईचं गुणगुणणं सतत चालू असतं, अगदी हळू. ठोक्याने सांगितलं, तो आईचाच आवाज, मागच्या वर्षी टिपलेला. तेव्हापासून तिचा दम कमी झाला. वय झालं, दुसरं काय. स्पीकर मात्र बंद करायचा नाही, ती कासावीस होते.

दुपारी त्यांना पुस्तक वाचून दाखवते. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ह्यांच्या वर्तमानपत्रावरून अक्षरं जुळवत शिकले, म्हणून मला मोठ्यानेच वाचावं लागतं. मनात वाचलं तर पोचत नाही.

१० तारीख, सोमवार

ठोक्या दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, ठोक्यांचा वीट आलाय. आता काहीतरी हळू करायचंय, माणसाच्या आवाजाचं. मोठी यंत्रं विकायला काढलीत. मी वाचायचं, त्याने टिपून घ्यायचं.

मी हो म्हटलं. हे गेल्यापासून माझं बोलणं शेवटपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं.

त्याने माईक पुढे केला तेव्हा आईंनी हात उचलून माझ्या तोंडावर तळवा दाबला. मला वाटलं, लाड करताहेत.

१४ तारीख, शुक्रवार

त्याने काम दाखवलं. पडद्यावर माझा आवाज डोंगरासारखा उठतो-बसतो. मधेमधे बारीक पुंजके दिसतात, ते माझे श्वास. डाळीतले खडे वेचावेत तसा तो एकेक वेचून कापतो. "काकू, तुमचे श्वास फार मधे येतात," म्हणाला. फेकत नाही, बाजूला जमवतो. त्यांचाच ताल धरणार आहे.

ऐकवलं. पूर्वी जिथे ठोका असायचा, तिथे आता माझा श्वास. खोटं कशाला लिहू, सुंदर होतं.

जिना चढताना धाप लागली.

१८ तारीख, मंगळवार

तो रोज टिपतो, रोज कापतो. माझी वाचताना ओळ पुरी होत नाही. नणंदेचा फोन आला. म्हणाली, वहिनी, तोंडात घास आहे का, नीट बोल की. मी नीटच बोलत होते.

डॉक्टरांना दाखवलं. छाती स्वच्छ आहे म्हणाले. दुःख असंच छातीवर बसतं म्हणे. दुःख मला ठाऊक आहे. ते रोज सकाळी येतं, ह्यांच्या खुर्चीत बसतं, आपल्या वाटेने जातं. हे ते नव्हे.

२१ तारीख, शुक्रवार

आई गेल्या.

मी भरवत होते. उशाचा स्पीकर एकाएकी गप्प झाला. त्यांनी माझं मनगट धरलं, तोंड उघडलं, आणि आत काही गेलंच नाही. मी हाका मारल्या. माझा आवाज दारापर्यंतही पोचेना.

ठोक्या खाली आला तोवर सगळं आटोपलं होतं. रडला, मनापासून रडला. म्हणाला, नव्या गाण्याला जागा हवी होती म्हणून जुनं सगळं पुसलं, आईचं गुणगुणणंही. म्हणून स्पीकर थांबला असेल. त्याला अजून कळलेलं नाही. मला कळलं.

२३ तारीख, रविवार

पिशवी भरली. वर माझं गाणं चालू होतं. हल्ली ते फिरून फिरून चालूच असतं, तो झोपला तरी. फाटकाकडे निघाले. गाणं मागे पडत गेलं तसा दम— कडीला हात घातला आणि खाली बसले. रांगत परतले. जिन्याशी आल्यावर छातीत हवा भरली.

२४, सोमवार

बोलता येत नाही. कागदावर लिहून दिलं, माझे श्वास पुसू नकोस, गाणं बंद करू नकोस. वाचून हसला. म्हणाला, स्वतःचा आवाज ऐकून सगळेच घाबरतात. आईही घाबरायची.

२५

वरच बसून आहे, स्पीकरला टेकून. त्याची पाठ माझ्याकडे. तो थांबवतो, मी थांबते. तो लावतो— मग मी—

२६

गाणं झालं म्हणतो. फक्त शेवट लांबलाय. मी मान हलवली, नको, नको. त्याला वाटलं, मी आईसाठी रडतेय. डोळे पुसले माझे.

"घाबरू नका, काकू. एकदम तोडत नाही. हळूहळू विरवत नेतो."

आवाजाचं बटण खाली ओढतोय. सावकाश. हात हलका आहे त्याचा—

हेही असेच गेले. एक श्वास. मग मी वाट बघायची. मग—

बारीक झालं

अजून आहे

अजू