आधी घंटा, मग नाव

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
दसऱ्याच्या अलीकडचा सोमवार, २००४

तीर्थस्वरूप सत्यवती वन्संच्या पायांशी धाकट्या भावजयीचा, म्हणजे द्वारकाचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचं तेल पाठवलं होतं ते लावता, की बाटली अजून फळीवर पाहुण्यासारखी बसवून ठेवली आहे? भाऊजींचा खोकला, गाभण गाय, परसातला नवा नारळ, सगळ्यांची खबर कळवा. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण खुशाल कुणी नाही. मी रागात आहे, तुमचे बंधू माझ्याहून जास्त रागात आहेत आणि सूनबाई समिधा आमच्या दोघांवर रागात आहे. मजेत काय ती एकटी निशिगंधा. (नातीचे पुढचे दोन दात पडलेत. 'शेंगदाणा' म्हणताना अशी वाफ सोडते की मी दिवसातून चारदा म्हणायला लावते.) फोन का केला नाही म्हणाल, तर फोन आहे बाहेरच्या खोलीत, तुमच्या बंधूंच्या खुर्चीला लागून, आणि विषय आहे त्यांचाच. म्हणून तिसरी शिकलेली बाई पेन घेऊन बसले आहे, चुकलंमाकलं वाचून घ्या. आणि एक आधीच सांगते, माझा थोडा राग तुमच्यावरही आहे. मोठ्या नणंदेवर रागवायची माझी हिंमत नाही, म्हणून नमस्कार अगोदर करून ठेवला.

तुमच्याकडे केबल नाही, तेव्हा मुळापासून सांगते. टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी 'नसीब की हंडी' लागतं. हिंदीतला लॉटरीचा कार्यक्रम. काचेची मोठी हंडी, आत आकडे घातलेले रंगीत चेंडू, खालून वारा सोडतात की ते साबुदाण्यासारखे उकळायला लागतात आणि एकेक चेंडू नळीतून वर येतो. बाजूला एक बाप्या कोट घालून बसलेला असतो, तो म्हणे सगळं खरं चाललंय की नाही ते बघतो. (तो कधी हसत नाही. मला वाटतं त्याला तिकीट घ्यायला मनाई असेल.) आणि मधोमध एक मुलगी, मिठाईवरच्या वर्खाचा झगा घातलेली. ती नुसती बोलते. चेंडू वर यायला लागला की ही हात आडवा धरते आणि म्हणते, कहीं मत जाइए. वन्सं, कुठे जाणार आम्ही? भाजी चुलीवर जळतेय तरी उठत नाही. मग साबण येतो, चहा येतो, बनियान येतं, तोवर चेंडू तिथेच नळीत अडकलेला. पाऊण तासात चेंडू येतात सहा आणि बनियानं येतात साठ. तरी बघतो. शेजारची हिना (गुजराती आहे, पण वाटीभर साखर मागताना चोख मराठी बोलते) तिची सासू घेऊन आमच्याकडेच येऊन बसते, सगळ्या आपापलं तिकीट मुठीत धरून. आकडा नाही आला तर हिनाची सासू टीव्हीला शिव्या देते, आला तर मशीन बिघडलं म्हणते. आजवर आमच्यातल्या कुणाला बक्षीस म्हणून साधा चमचाही लागलेला नाही, पण एक आकडा पुढेमागे झाला की वाटतं, अगदी दारापर्यंत येऊन गेलं. त्या दारापर्यंत येण्यातच सगळी गंमत आहे, आणि ती मेली झग्यातली मुलगी ते बरोबर ओळखून आहे.

शेवटी असते 'घर बैठे' फेरी. तिकिटाचं अर्धं कूपन नाव आणि फोन नंबर लिहून स्टेशनजवळच्या लॉटरीवाल्याच्या पेटीत टाकायचं. मग कार्यक्रम चालू असताना कुणाच्या तरी घरी फोन वाजतो. कूपनवरचं नाव दहा सेकंदांत सांगायचं, नाव जुळलं की तुमच्या वतीने चक्र फिरवणार, कुकरपासून मोटारीपर्यंत काय येईल ते तुमचं. नुसतं नाव सांगायचं. अडाण्यालाही येईल, अशी ती मुलगी दर गुरुवारी म्हणायची आणि मीही मान डोलवायची.

आमचं कूपन तुमच्या बंधूंनी भरलं. अक्षर तर तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मभर गुणवंतशेटच्या भांड्यांच्या दुकानात बसून लोकांच्या ताटवाट्यांवर नावं घातली, सगळ्या भाईंदरच्या पोरींच्या रुखवतावर यांचा हात फिरलाय. फोनचं बिल यांच्या नावावर, म्हणून कूपनही यांच्या नावावर. मी काही बोलले नाही. माझ्या काय डोक्यात येणार की पुढे हे गळ्याशी येईल?

तर परवाचा गुरुवार. तुमचे बंधू नेहमीसारखे दुकानात बसायला गेलेले. (काम सुटून चार वर्षं झाली तरी ती खुर्ची सुटत नाही. गुणवंतशेटने तिथेही टीव्ही लावलाय, गिऱ्हाईक थांबावं म्हणून.) घरी मी, समिधा, निशू आणि हिनाचं खटलं. साबण झाला, चहा झाला, झग्यातली मुलगी म्हणाली, देखते हैं आज किसका फोन बजता है, आणि वन्सं, आमचा वाजला. मला वाटलं लेकाचा, अमोलचा, त्याला ऑफिसात उशीर होणार असेल. उचलला तर कानात तीच मुलगी आणि टीव्हीतही तीच मुलगी, आणि दोघी माझ्याशी बोलतायत. समिधाने धावत येऊन टीव्हीचा आवाज बारीक केला.

मुलगी म्हणाली, "माताजी, कूपन किसके नाम पे है? आपका समय शुरू होता है अब."

मी म्हटलं, "हमारे इनके नाम पे."

"इनके? कूपन पे 'इनके' तो नहीं लिखा है, माताजी."

"इनके मतलब घरवाले के. निशू के आबा के."

निशू ओरडली, आबा, आबा. आता ते काही कूपनवर नव्हतं. समिधा कणकेचे हात हवेत धरून म्हणते, "आई, नुसतं नाव सांगा, नुसतं नाव." हिला काय जातंय सांगायला. ही अमोलला अमोल म्हणते, अरे अमोल म्हणते, मागच्या महिन्यात माझ्यासमोर 'ए गाढवा' म्हणाली. हिच्या जिभेला वळण आहे. माझ्या जिभेवर ते नाव उभ्या जन्मात सुटं आलेलं नाही. रेशनकार्डाच्या साहेबाने विचारलं तेव्हा मी पाटीवरचं बोटाने दाखवलं. इस्पितळात विचारलं तेव्हा तुमच्या भाच्याला पुढे केलं. पण फोनला बोट कुठे दाखवायचं? नाव घ्यायचं तर उखाण्यात घ्यायचं, ही एकच वाट मला माहीत, आणि उखाणा मला येतो एकच, माप ओलांडताना दार अडवून तुम्ही शिकवलात तो. मग मी पदर सारखा केला आणि सुरू झाले:

खाडीच्या पाण्याला भरतीची ओढ,
अळवाच्या भाजीला चिंचगुळाची जोड,
सासूबाईंच्या हाताला फणसाची गोडी...

आणि घंटा वाजली. फणसावर घंटा वाजली, वन्सं. अजून तुम्ही दार अडवायच्या होतात, मी पदर सोडवायची होते, चंदनी पाट मांडायचा होता आणि त्या पाटाशी जाऊन मग कुठे तुमच्या भावाचं नाव यायचं होतं. पाच ओळी दाराबाहेर ताटकळलेलं नाव दहा सेकंदांत आत येणार कसं, हे तेव्हा तुमच्या लक्षात यायला हवं होतं की नाही? लहानसा करायचा होता. बाकीच्या बायका दोन ओळींत नाव घेऊन जेवायला बसतात. तुम्हाला हौस. आता रागावू नका, पण माझ्या रागातला तुमच्या वाटणीचा भाग तो हा.

ती मुलगी म्हणाली, "वाह माताजी, क्या शायरी है," टाळ्या वाजवल्या, कोटवाल्याने मान हलवली आणि खेळ खलास. चक्र फिरलंच नाही. वर तिने काय केलं असेल? सही नाम था, म्हणून कूपन वाचलं, 'धरमजीभाई'. (हे लिहायला मला हरकत नाही, कारण हे तुमच्या बंधूंचं नाव नव्हेच.) जो माणूस दुसऱ्यांच्या नावाची वेलांटीसुद्धा कधी चुकला नाही, त्याचं स्वतःचं नाव सगळ्या देशासमोर असं मोडून सांगितलं. हिनाची सासू म्हणते, आपल्याकडचे वाटतात. मी तिला बटाटेवडा देणार होते, तो परत आत नेला.

मला वाटलं हे घरी येतील ते मोटार गेली म्हणून बोलतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. मोटार लावायची कुठे, खाली शेजारच्या मितेशच्या रिक्षेलाच जागा नाही. पण आले ते वेगळंच मनात घेऊन आले. चप्पल काढली, पाय धुतले आणि मोरीतल्या नळाला म्हणाले, "सगळं दुकान गप्प करून बसलो होतो." नळ काय बोलणार? मग पोळी मोडता मोडता निशूला म्हणाले, "तुझ्या आजीचा आवाज आला टीव्हीतून, तेव्हा गुणवंतशेट म्हणाला, आता ऐका सगळे, हिचं नाव घेणं ऐका. गिऱ्हाइकंसुद्धा थांबली. लोकांची नावं घालण्यात जन्म गेला, म्हटलं आपलं एकदा ऐकू." आणि ताट सारून उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. पाणी हवं तरी निशूमार्फत. काल निशू खाली खेळायला गेली तर दीड तास तहानलेले बसले, पण मागितलं नाही.

आता मला सांगा, मी रागवू नको तर काय करू? मोटारीचं मला काही नाही. कुकर दोन आहेत. पण या माणसाला नाव ऐकायचं होतं, हे मला कधी कळलं? कधी म्हणाले का तोंडाने? मी 'अहो' म्हटलं, 'ऐकलंत का' म्हटलं, 'इकडून' म्हटलं, 'निशूचे आबा' म्हटलं. त्या प्रत्येकाला 'ओ' देत आले, म्हणून मला वाटलं पोचतंय. आता म्हातारपणी सांगतात की तेवढ्याने पोट भरत नव्हतं, आणि तेही नळाला सांगतात. मला राग त्या मुलीचा आहे, घंटेचा आहे, फणसाचा आहे, आणि सगळ्यात जास्त तुमच्या भावाचा आहे. लॉटरीचं तर मी नावच टाकलंय. टीव्हीवर चादर घातली आहे आणि त्या चादरीवर पापड वाळत घातलेत. या घरात पुन्हा 'हंडी' लागणार नाही, असं मी सगळ्यांना सांगून चुकले.

(एक सांगायचं राहिलं. बाजारात जायची सोय उरलेली नाही. भाजीवाली म्हणते, आजी, फणसाचं पुढे काय झालं? बँकेतला शिपाई म्हणाला, घंटेसारखा खणखणीत आवाज लागला होता. खालच्या मजल्यावरच्या पोरी नवरात्राच्या हळदीकुंकवाला मलाच पहिलं बसवून उखाणा पुरा करायला लावणार आहेत. मी नको नको म्हटलं. नवी नारायणपेठी काढून ठेवली आहे, तिला तेवढी इस्त्री करायची आहे.)

असो. गुडघ्याला जपा. भाऊजींना माझा नमस्कार आणि गाईला काय झालं ते कळवा. मोठ्यांच्या रागातून आम्हाला सोडा आणि आमच्या रागातून तुम्ही सुटून घ्या.

तुमची भावजय,
द्वारका

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. मला एक नवा उखाणा करून लगेच पाठवा. नाव पहिल्या शब्दाला आलं पाहिजे. मागून यमक जुळलं तर जुळलं, नाही जुळलं तरी घंटेनंतर कोण ऐकतंय? फणस, अळू, खाडी काही नको. कारण असं की शनिवारी स्टेशनकडे गेले होते तेव्हा पेटीत दोन कूपनं टाकून आले. एक तुमच्या नावावर आहे, तुमचं नाव मला चटकन घेता येतं. दुसऱ्यावर समिधा म्हणाली, आई, स्वतःचं नाव घाला, प्रश्नच मिटला. पण माझं नाव टीव्हीत ऐकायला दुकानात कोण बसलंय? म्हणून तुमच्या बंधूंचंच घातलं, आणि त्या मुलीला वाचता यावं म्हणून समिधाकडून इंग्रजीत लिहून घेतलं. गुरुवारी दुपारी पापड उचलते.

पुन्हा ता. क. पाकीट डकवायच्या आत घडलं म्हणून लिहिते. उखाणा येईपर्यंत जिभेला सवय असावी म्हणून आज सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटलं, चटणीला मिक्सर लावला आणि त्या घरघरीत यांचं नाव सुटंच म्हटलं. पुढेमागे काही नाही, नुसतं नाव. माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. पण बाहेरच्या खोलीतून 'ओ' आली. चार दिवसांतली पहिली. दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बोलावलंस?" मी म्हटलं, कुणी नाही बोलावलं, मिक्सर होता. तर तुमचे बंधू चटणीत वाकून बघतात आणि म्हणतात, "जाडी राहिली आहे. अजून एकदा फिरव."